आत्याचा नांगर, बाबांची चूल

बाबा आश्विनात गेले आणि आत्या माघात. मधे जेमतेम चार महिने. शहापूरच्या फोटोवाल्याकडे पहिली फ्रेम टाकली तेव्हा तो काही बोलला नव्हता. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची पुढे सरकवली. बाबांचे फोटो माझ्या लग्नातले होते. आत्याचा मात्र एकच, मतदानाच्या ओळखपत्रावरचा. माझ्या लग्नात ती मांडवामागे भाताची पातेली उतरवत राहिली, कॅमेऱ्यासमोर आलीच नाही. तो एवढासा फोटो मोठा करून घेतला. चेहरा पसरला, डोळे धुरकट झाले, कपाळावरचं गोंदण दिसेनासं झालं. भिंतीवर लावल्यावर आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वन्संसारख्या दिसत नाय गो या."

खरंच दिसत नव्हती. माझी मुलगी आता पाच वर्षांची आहे. ती मोठी होईल तेव्हा तिला ही फ्रेमच माहीत असेल, आणि शेजारी बाबांची, ज्यात ते कोट घालून अवघडून उभे आहेत. कोट भाड्याचा होता. ही दोन माणसं अशी नव्हती. कशी होती ते मला ठाऊक आहे, आईला ठाऊक आहे, आणि आमच्या दोघींनंतर कुणालाच नसेल. म्हणून मी लिहायला बसले आहे. यातला एक भाग लिहायला मला लाज वाटणार आहे, तोही लिहिणार आहे.

आमचं गाव किन्हवलीपासून तासाभराच्या चालीवर. चाळीस-पंचेचाळीस घरं, सगळी भातशेतीवाली. आत्या बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान. तिला मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याच्या बाजूच्या एका गावात दिली होती. लग्नाला तीन वर्षं झाली आणि तिचे यजमान तापानं गेले. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला वर्षभर ठेवली आणि मग एक दिवस सासऱ्यानं आणून आमच्या ओटीवर सोडली. बाबा तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचे. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. आई सांगते, सासरा चहा पिऊन निघाला तेव्हा बाबांनी त्याला वेशीपर्यंत पोचवलं, परत आले आणि आईला एवढंच म्हणाले, "बाय आता इथंच राहणार. तिला कधी कुणी पाव्हणी म्हणायचं नाय." आत्याला ते शेवटपर्यंत 'बाय' म्हणायचे आणि ती त्यांना 'दादा'.

मला आठवते ती आत्या फार कमी बोलायची. पहाटे उठून झाडलोट, मग पाणी, मग लाकडं, मग शेतातली खुरपणी. भाकऱ्या तिच्या हातच्या कडक व्हायच्या, त्यावरून आई तिला चिडवायची. दोघींचं बरं जमायचं. गावात हळदीकुंकवाला आई जायची, आत्या घरी थांबायची. मी लहान असताना तिला विचारलं होतं, "तू का नाय येत?" तर म्हणाली, "माझे पाय दुखतात." पुढे कळायला लागलं तेव्हा मी विचारायचं सोडून दिलं.

मी अकरावीला शहापूरला जायला लागले ते वर्ष. नव्वदीची सुरुवात. फाल्गुनात बाबा राबासाठी टहाळ तोडायला ऐनाच्या झाडावर चढले होते. आमच्याकडे भाताची रोपं करायची जमीन आधी भाजून घेतात, त्याला राब म्हणतात, आणि त्यासाठी अशा फांद्या लागतात. पायाखालची फांदी मोडली आणि बाबा खाली खडकावर आले. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. जीपमध्ये आडवं घालून त्यांना ठाण्याला नेलं. तिथं ऑपरेशन झालं, महिन्यानं घरी आणलं. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, तरी ते ओटीवरच्या बाजेवरच होते. काठी धरून परसापर्यंत जायचे, घामाघूम होऊन परत यायचे.

रोपांची पेरणी आई आणि आत्यानं केली. पावसाआधीची नांगरट शेजाऱ्यांनी कशीबशी करून दिली. पण लावणीच्या तोंडावर पाणी भरलेल्या खाचरात पुन्हा नांगर घालून चिखल करावा लागतो, त्याशिवाय रोपं रोवताच येत नाहीत. ते दिवस असे असतात की कुणाचीच बैलजोडी मोकळी नसते. आमचे चुलत आजोबा, म्हणजे बाबांचे चुलते, यांचं शेत आमच्या बांधाला लागून. ते म्हणाले होते, "माझं उरकलं की तुझं करून देतो." त्यांचं उरकेना. आमची रोपं वीतभराची दीड वीत झाली. आत्या रोज सकाळी जाऊन बघून यायची आणि रोज बाबांना तेच सांगायची.

एका संध्याकाळी ती ओटीवर आली, बाजेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, नांगर कसा दाबायचा ते मला शिकव."

बाबा हसले. मग तिच्याकडे बघून हसायचे थांबले.

आमच्याकडे बाई शेतातलं सगळं करते, पण नांगराला हात लावत नाही. बाईनं नांगर धरला तर पाऊस हटतो, असं मानतात. त्यातून विधवा बाई म्हणजे बोलायलाच नको. हे कुणी कुणाला शिकवत नव्हतं, पाण्यातल्या मिठासारखं ते सगळ्यांत होतं. माझ्यातही होतं. मी तेव्हा कॉलेजात जीवशास्त्राची पुस्तकं वाचत होते, तरी आत्याचं ते बोलणं ऐकून मी आधी बाहेर कुणी ऐकलं का ते बघितलं.

बाबांनी थोडा वेळ छपराकडे बघितलं. मग म्हणाले, "अंगणात घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बाज ओटीच्या कडेला ओढून घेतली. आत्यानं पडवीतून नांगर आणला. बैलांच्या जागी आई आणि मी. जू दोघींच्या हातात, मागे आत्या, आणि वरून बाबा सांगतायत, "रुमणं मुठीत आवळू नको, तळव्यानं दाब. असा. तू दाबशील तेवढाच फाळ खाली जाईल. वळताना उचल, नाय तर बांध फोडशील." रुमणं म्हणजे नांगराची मूठ. आई पुढे ओढताना घसरली आणि चिखलात बसली. ती हसायला लागली तशी आत्याही हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. आत्याला इतकं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "उद्या उजाडायच्या आत जा. लोक उठायच्या आधी एक खाचर होऊन जाईल."

आत्या म्हणाली, "चोरी कराया नाय चाललीय मी. न्याहारी करून जाईन."

आणि तशीच गेली. आठ वाजता, बैल पुढे घालून, गावातल्या मधल्या वाटेनं. आई बैलांच्या पुढे, आत्या मागे, खांद्यावर नांगर. मी गेले नाही. मला कॉलेजची बस होती.

लाज वाटते ती हीच गोष्ट. त्या दिवशी कॉलेजात महत्त्वाचं असं काहीच नव्हतं. मी गेले, कारण मला त्या वाटेनं तिच्याबरोबर चालायचं नव्हतं. संध्याकाळी परत येताना एसटीत पुढच्या बाकावर शेजारच्या गावचे दोघे होते. एकजण दुसऱ्याला सांगत होता, "अरे, त्या गावात एका बाईनं नांगर धरला आज. तीबी रांडव. आता बघ पाऊस कसा पळतो." दुसरा म्हणाला, "घरात बाप्या नाय का कोण?" "हाय की. बाजंवर झोपून बघतोय." दोघे हसले. मी खिडकीबाहेर बघत होते. 'ती माझी आत्या आहे' एवढे चार शब्द होते. मी ते बोलले नाही. किन्हवलीला उतरून घरापर्यंत तासभर चालले, तेव्हाही मनातल्या मनात तिच्यावरच चिडत होते.

घरी आले तर आत्या पडवीत बसली होती आणि आई तिच्या तळहातांना खोबरेल लावत होती. दोन्ही तळवे सोललेले. दिवसभरात एकच खाचर झालं होतं, तेही वेडंवाकडं. फाळ दोनदा बांधात घुसला. एकदा बैलांनी तिला फरफटत नेलं. गुडघा सुजला होता. मी तिच्याकडे न बघता आत गेले. बाबा मात्र ओटीवरून विचारत होते, "तांबडा डाव्या अंगाला ओढतो ना? त्याला उद्या उजवीकडे जुंप."

दिवेलागणीला चुलत आजोबा आले. बरोबर गावातले तिघे. ते ओटीवर बसले, आईनं पाणी दिलं. आजोबांनी सुरुवात केली.

"घरातल्या बाईला नांगराला लावलीस. पाऊस हटला तर गावानं काय करायचं?"

बाबा उशीवर कोपर टेकून उठून बसले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "काका, माझी चार खाचरं राह्यलीत. उद्या कोण नांगरून देतो सांगा. जो देईल त्याच्या पाया पडतो. कुणी नसल तर बाय नांगरील."

एकजण म्हणाला, "आठ दिवसांनी माझी जोडी मोकळी होतेय."

आतून आत्या म्हणाली, "आठ दिवसांनी आवण पिवळं पडंल." आवण म्हणजे लावणीची रोपं. पुरुषांच्या बैठकीत ती आतून बोलली, हेही पहिल्यांदाच.

आजोबा उठले. जाताना म्हणाले, "मग आमच्या घरातल्या बायका तुमच्या लावणीला येणार नाय. हे मी नाय, गाव म्हणतंय."

गाव तसंच वागलं. लावणीला आमच्याकडे सगळ्या एकमेकींच्या शेतात जातात, आज हिचं, उद्या तिचं. त्या वर्षी आमच्याकडे कुणी आलं नाही. त्यात पाऊसही खरंच थांबला. आठ-दहा दिवस स्वच्छ ऊन. दर पावसाळ्यात एखादी अशी उघडीप पडतेच, पण त्या वर्षी तिला आत्याचं नाव लागलं. विहिरीवर आई गेली की बोलणं बंद व्हायचं. एका सकाळी आमच्या दारात कुणीतरी मोडका फाळ आणून टाकला होता. आत्यानं तो उचलला, उलटसुलट करून बघितला आणि बाबांना विचारलं, "याला धार लागंल का रे?"

बाबांनी तो खरंच घासून ठेवला.

ऊन होतं तोवर तिनं वरच्या ओढ्याचं पाणी पाट काढून खाचरात घेतलं आणि नांगरत राहिली. सहाव्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. पहाटे उठून साडी खोचली आणि आईच्या मागोमाग शेतात गेले. पुढे चौदा दिवस आम्ही तिघी लावणी करत होतो. आत्या सकाळी एक तुकडा नांगरायची, दुपारी आमच्याबरोबर वाकायची. मधेच पाऊस परत आला, आणि आला तो धो धो. अंगावर इरलं घेऊन वाकायचं, तर पाठीचा काटा ढिला व्हायचा. एकदा मी बांधावर बसून रडले. आत्या आली, माझ्याजवळ बसली. म्हणाली, "रड. पण इथं बसून नको, थंडी भरंल. चल, रोवता रोवता रड."

मी तसंच केलं.

याच दिवसांत बाबांनी चूल धरली. तिघी शेतात, मग घरी जेवण कोण करणार? पहिल्या दिवशी त्यांनी भात लावला, तो खाली करपला आणि वर कच्चा राहिला. चौथ्या दिवशी नीट झाला. मग ते भाकरी शिकले. तांदळाची भाकरी थापणं म्हणजे सोपं काम नाही. उकड जमली नाही तर कडा चिरतात. बाबा चुलीसमोर पाट टाकून, मोडका पाय लांब करून बसायचे आणि आईला विचारायचे, "पाणी किती घेतेस तू? मोजून सांग." आई म्हणायची, "मोजून कोण घेतं? हाताला कळतं." दोन आठवड्यांनी त्यांच्या हातालाही कळायला लागलं. सुकटीची चटणी तर ते आईपेक्षा चांगली करायचे. मी हे प्रेमापोटी सांगत नाही, आईही कबूल करते.

श्रावणात ते काठी घेऊन शेतापर्यंत यायला लागले. खांद्याला शिदोरीची झोळी, एका हातात काठी, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. पाय दोन बोटं आखूड झाला होता, तो पुढे कायमचाच. चिखलात उभं राहणं त्यांना परत जमलं नाही. गावातली माणसं त्यांना बघून म्हणायची, "काय, आज काय शिजवलं?" विचारण्यात चेष्टा असायची. बाबा खरं उत्तर द्यायचे. "वालाचं बिरडं. येता का?" एक-दोन वर्षांत चेष्टा करणारेच कंटाळले.

भात बरं आलं. भरघोस वगैरे नाही, पण आम्हाला वर्षभर पुरून वर उरलं. पाऊस कुणाचाच पळाला नव्हता. यावर गावात कुणी काही बोललं नाही, माफीही मागितली नाही. पुढच्या वर्षी लावणीला दोन घरच्या बायका आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्याच. आणि आत्या नांगरत राहिली. एक-दोन नाही, तेरा पावसाळे. बैल म्हातारे झाले, नवे आणले, त्यांना तिनंच शिकवलं. तिचा चिखल असा लोण्यासारखा व्हायचा की रोप रोवताना बोटाला खडा लागायचा नाही.

पाच-सहा वर्षांनी चुलत आजोबांचा मुलगा आसनगावच्या बाजूला कंपनीत लागला. आजोबा थकले होते. एका सकाळी ते आमच्या ओटीवर येऊन बसले. बाबांशी इकडचं तिकडचं बोलले, मग आत्या पाणी घेऊन आली तेव्हा तांब्याकडे बघत म्हणाले, "बाय, माझी वरची दोन खाचरं राह्यलीत."

बाबांनी आत्याकडे बघितलं. उत्तर तिचं होतं.

आत्या म्हणाली, "उद्या येते."

ती गेली. आजोबा बांधावर बसून होते. संध्याकाळी ती बैल सोडायला लागली तेव्हा ते म्हणाले, "बैल फार दमवू नको गो." एवढंच. ती घरी येऊन बाबांना हे सांगत होती तेव्हा दोघंही चुलीपाशी बसून पोट धरून हसत होते. मी दारात उभी होते. त्या दोघांचं एक वेगळंच बोलणं होतं, लहानपणापासूनचं, त्यात आई आणि मी बाहेरच्या असायचो.

मी डीएड केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. पहिली नेमणूक तानसाच्या बाजूच्या एका वाडीवर. निवडीचं पत्र आलं तेव्हा आत्या शेतात होती. मी धावत गेले, बांधावरून ओरडून सांगितलं. तिनं बैल थांबवले, हात धुतले, पदराला पुसले आणि पत्र हातात घेऊन उलटं-सुलटं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. "यात तुझं नाव कुठं हाय?" मी दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं. ओलं होतं, शाई थोडी पसरली. त्या दिवशी मला तिला एसटीतली ती गोष्ट सांगायची होती. तोंडापर्यंत आली होती. मी नाही सांगितली.

सांगितली ती फार उशिरा, मागच्या पौषात, ती दवाखान्यात असताना.

त्याआधी बाबा गेले होते. आश्विनातली सकाळ, भात कापणीला आलेलं. चुलीवर चहा ठेवला आणि भिंतीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. आईला वाटलं डुलकी लागली. चहा उतू गेला तेव्हा ती पुढे झाली. कुणाला त्रास दिला नाही, असं सगळे म्हणाले. मला मात्र त्यांनी थोडा त्रास द्यायला हवा होता. चार दिवस तरी.

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी आत्या विळा घेऊन निघाली. मी म्हटलं, "आत्या, यंदा मजूर लावू." ती म्हणाली, "दादा असता तर मला बसवून ठेवलं असतं का?" कापणी झाली, झोडणी झाली, कणग्या भरल्या. पेंढा रचला. मग एक दिवस ती पेंढ्याशेजारीच बसली आणि तिला उठता येईना. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय, तर म्हणाली, "दिवाळीआधीपासून." आई तिच्याकडे बघतच राहिली. कुठल्या दिवाळीआधीपासून, ते आम्हाला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. यंदाच्या नव्हे.

ठाण्याच्या दवाखान्यात ती चार आठवडे होती. मी रजा टाकली. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा सांगून टाकलं. बस, ते दोघे, मी गप्प बसले ते. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ठाव होतं."

"काय ठाव होतं?"

"त्या दिवशी तू घरी आलीस ती माझ्याकडं बघतच नव्हतीस. तेव्हाच कळलं, कुणीतरी कायतरी बोललं असल." मान वळवून म्हणाली, "पण सहाव्या दिशी आलीस ना."

मी कंगवा ठेवून बाहेर व्हरांड्यात गेले.

तिच्या दशक्रियेला नदीवर बरीच माणसं होती. बाहेरगावचे एक महाराज प्रवचनाला आले होते. ते आत्याला ओळखत नव्हते, त्यात त्यांचा काही दोष नव्हता; कुणीतरी चार ओळी लिहून दिल्या असतील. ते म्हणाले, "ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरी मूल नाही. पण भावानं सांभाळलं. भावाच्या आधारानं या माउलीनं आयुष्य काढलं. असा भाऊ मिळणं म्हणजे भाग्य." माणसं माना हलवत होती. ज्यांनी तिला तेरा वर्षं नांगरताना बघितलं, तीही.

मी उठले. वर्गात रोज उभी राहते तसंच उभं राहायचं असं मी ठरवलं. म्हटलं, "महाराज, रागावू नका, थोडं माझं ऐका. ती माझी आत्या होती. माझे बाबा झाडावरून पडले त्या वर्षी तिनं नांगर धरला, आणि तेरा वर्षं सोडला नाही. आमच्या घरात जो भात शिजला तो तिच्या नांगराचा, आणि तो शिजवला माझ्या बाबांनी. तिला सांभाळावं लागलं नाही. दोघांनी मिळून घर चालवलं. मी शिकले ती त्यामुळे. इथं बसलेल्या सगळ्यांना हे माहीत आहे."

एवढं बोलून मी बसले. मग मागून चुलत आजोबांच्या मुलानं सांगितलं, "खरं हाय. आमची खाचरंबी तिनंच केली." महाराजांनी हात जोडले आणि म्हणाले, "ताई, बरं झालं सांगितलंत." पुढचं प्रवचन त्यांनी थोडक्यात आटपलं.

माणसं पांगली तेव्हा एक म्हातारी माझ्याजवळ आली. हिरवं लुगडं, कानांत जाड बुगड्या, बरोबर नातू. म्हणाली, "मी टोकावड्याकडची. तुझ्या आत्याची जाव." थोरली जाऊ. निरोप कुणी दिला मला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांत त्या घरातलं कुणी आमच्याकडे आलं नव्हतं. मी पाया पडले.

तिनं माझा हात धरून ठेवला. "नांगर धरला म्हणतेस तिनं?"

"हो."

"अगं, ती बैलांना भ्यायची. आमच्या गोठ्यात पाऊल टाकायची नाय. शेण काढायला मी जायची, ती दाराशी उभी राहून शेणाची टोपली घ्यायची. तिचा नवरा चिडवायचा तिला." बोलता बोलता म्हातारीचे डोळे भरले. "खूप हसायची गो ती. आमी दोघी हसायला लागलो की सासू ओरडायची."

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती. त्या संध्याकाळी ओटीवर आत्यानं बाबांना नांगर कसा दाबायचा ते विचारलं, बैलांचं एका शब्दानं विचारलं नाही. बाबांना तरी ठाऊक होतं का, आता कळायला मार्ग नाही.

त्या म्हातारीला मी सांगितलं, "मी तुमच्याकडे येईन. मला सगळं सांगा." तिला वाटलं असेल, लोक म्हणतात तसं म्हणतेय.

होळीनंतरच्या रविवारी मी गेले. शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून माळशेजकडे जाणारी एसटी, टोकावड्याला उतरून पुढे अर्धा तास चाल. म्हातारी अंगणात वाल निवडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, नातसुनेला चहा टाकायला सांगितलं आणि हाताला धरून घराच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं दोन खोल्या होत्या, आता एकीत खताच्या गोण्या. "ही तिची खोली," ती म्हणाली. आम्ही उंबऱ्यावर बसलो. मी शाळेतली वही काढली. आधी आत्याच्या नवऱ्याचं विचारलं, कारण त्याच्याबद्दल आमच्या घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. तो कसा होता, काय करायचा, आत्याला काय म्हणून हाक मारायचा.

म्हातारी म्हणाली, "लिहितेस? मग सावकाश सांगते," आणि सांगायला लागली.